दाढीनंतरची आग

दाढी कशी करायची हे बहुतेक पुरुषांना कुणी शिकवलेलं नसतं. सोळाव्या-सतराव्या वर्षी वडिलांचा नाहीतर मोठ्या भावाचा रेझर हाती येतो, चार-दोन वेळा कापून घेतलं की हात बसतो, आणि जसा बसला तसाच पुढची चाळीस वर्षं चालतो. गळ्यावर लाल पुरळ उठतं, जबड्याखाली पुटकुळ्या येतात, आफ्टरशेव्ह लावताना डोळ्यांत पाणी येतं. हे सगळं दाढीबरोबर यायचंच, असं माणूस धरून चालतो. कुणी उपाय म्हणून महागातला रेझर आणतो, तो महिनाभर बरा वाटतो आणि पुन्हा तेच. कुणी कंटाळून दाढी वाढवतो, आणि तिला फॅशनचा आधार मिळतो.

पाणी, साबण आणि ब्लेड यांनी करायच्या ओल्या दाढीबद्दल आज जेवढं माहीत आहे, त्यातून घरच्या आरशापुरतं काय घ्यावं, हे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. दाढीनंतरची आग बहुतेक वेळा दोन कारणांनी होते: ब्लेड गालाला लागण्याआधीची दोन-तीन मिनिटं आपण वाचवतो, आणि आपले केस कुठल्या दिशेने वाढतात हे आपल्याला ठाऊक नसतं. रेझर कुठला, त्यात पाती किती, हा प्रश्न त्यानंतरचा. बाजार मात्र गेली सव्वाशे वर्षं फक्त त्याच प्रश्नाबद्दल बोलत आला आहे.

जुन्या काळच्या न्हाव्याची पद्धत आठवून पाहा. गावचा बलुतेदार धोकटी घेऊन ओटीवर यायचा, समोर पाण्याची वाटी ठेवायचा आणि बोटं बुडवून गाल, हनुवटी, गळा चोळत बसायचा. साबण नसायचा, असला तरी नावापुरता. पण हे चोळणं कधी चुकायचं नाही, आणि गिऱ्हाइकाला कितीही घाई असली तरी ते पुरं झाल्याशिवाय वस्तरा उघडायचा नाही. वस्तऱ्याला धार असेल तेवढीच. बाकीचं काम पाण्याने करून घ्यायचं, हे त्या धंद्यातलं पहिलं ज्ञान होतं. दाढी घरोघरी आली तेव्हा हत्यार आलं आणि हे ज्ञान मागे राहिलं.

दाढीचा केस कोरडा असताना चांगलाच कडक असतो. केस केराटिनचा बनलेला असतो, आणि पाणी आत शिरलं की केराटिनच्या साखळ्यांना बांधून ठेवणारे हायड्रोजन बंध सैल पडतात. केस फुगतो, मऊ होतो, कापायला फार कमी जोर लागतो. केस स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी शोषून घेऊ शकतो. पण ओंजळभर पाणी तोंडावर मारलं की हे घडत नाही. केसावर त्वचेतून आलेल्या तेलाचा पातळ थर असतो, तो आधी निघावा लागतो, आणि मग दोन-तीन मिनिटं ओल टिकावी लागते. कोमट ते गरम पाण्याने काम लवकर होतं. कढत पाणी नको, त्याने त्वचा कोरडी पडते आणि मग जी आग होते तिचा दोष ब्लेडला जातो.

म्हणून जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात की दाढी आंघोळीनंतर करावी. आपल्या घरांत इथे एक अडचण येते. हजामत केली की आंघोळ करायची, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, त्यामुळे आंघोळ करून आलेला माणूस दाढीला बसला की घरातलं मोठं माणूस हटकतं. रीत मोडायची गरज नाही. गिझरच्या पाण्याने तोंड साध्या फेसवॉशने धुवायचं, छोटा टॉवेल त्याच पाण्यात पिळून दोन मिनिटं दाढीवर धरायचा, आणि गाल न पुसता लगेच फेस लावायचा. मग दाढी, मग आंघोळ. आंघोळीच्या पाण्याने उरलासुरला साबणही निघून जातो.

पाण्याचा आणखी एक भाग आहे, तो आपल्याकडे फारसा बोलला जात नाही: पाणी जड की हलकं. भातसा, वैतरणा, तानसाच्या तलावांचं पाणी मुंबईत येतं, ते हलकं. कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचंही बहुधा तसंच. पण मराठवाड्यात, विदर्भात, पुण्याच्या बाहेरच्या वस्त्यांमध्ये जिथे बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं, तिथे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. साबण या क्षारांशी जुळून चिकट पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो थर बसतो, तोच गालावरही बसतो. फेस उभा राहत नाही, राहिला तर अर्ध्या मिनिटात वाळतो, आणि माणूस क्रीमच्या कंपनीला दोष देतो. मुंबईत असताना छान दाढी व्हायची आणि बदली होऊन लातूरला आल्यावर त्याच क्रीमने, त्याच ब्लेडने चेहरा सोलल्यासारखा होतो, अशी तक्रार ऐकली की मी आधी नळाचं पाणी विचारतो. याला खर्चाचा उपाय लागत नाही. फेस करायला वाटीभर पाणी पुरतं. तेवढं पिण्याच्या आरओ फिल्टरमधून घ्यावं. घरात आरओ नसेल तर पाणी उकळून, निववून, वरचं घ्यावं. क्षारांपैकी जे बायकार्बोनेट असतात ते उकळल्यावर तळाशी बसतात. सगळे जात नाहीत, पण फेसात फरक दिसतो.

आता फेसाकडे. फेसाचं मुख्य काम मिनिटा-दोन मिनिटांत वाळून जाणारं पाणी केसावर धरून ठेवायचं, आणि ब्लेड व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर राखायचा. दाढीच्या साबणात आणि क्रीममध्ये मुख्यतः स्टिअरिक आम्लाचे पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार असतात, जोडीला ग्लिसरीन आणि बहुधा खोबरेल तेलापासून आलेली मेदाम्लं. पोटॅशियममुळे साबण मऊ राहतो आणि फेस दाट, टिकाऊ होतो. अंगाच्या साबणात सोडियमच असतं. वसतिगृहात सगळ्यांनीच कधी ना कधी अंगाच्या साबणावर दाढी उरकलेली असते. तो फेस मोठा दिसतो आणि झटकन वाळतो. दोन्ही साबण अल्कधर्मी, त्यांचा सामू नऊ-दहाच्या आसपास. त्वचेचा पाचच्या आसपास. म्हणजे साबण चेहऱ्यावर जास्त वेळ राहू देणं बरं नाही, आणि दाढी झाल्यावर तो नीट धुणं भाग आहे. ज्यांची त्वचा फार कोरडी किंवा नाजूक आहे, त्यांनी साबण नसलेलं, सुवास नसलेलं शेव्हिंग जेल घ्यावं. डब्यातून फुस्‌ करून निघणारा फोम १९५० च्या सुमाराला अमेरिकेत आला. तो सोयीचा, पण त्यात हवा जास्त आणि पाणी कमी. तो लावायचाच असेल तर ओल्या गालावर आणि बोटांनी चोळून लावावा.

ब्रशने फेस करण्यात एक फायदा आहे जो बोटांत नाही: ब्रश केस उभे करतो आणि प्रत्येक केसाच्या बुडाशी पाणी नेतो. रीत अशी. ब्रश कोमट पाण्यात मिनिटभर भिजवायचा आणि एकदा हलका झटकायचा. बदामाएवढं क्रीम त्याच्या टोकांवर घ्यायचं. गालावर वाटोळं वाटोळं फिरवत राहायचं, मध्ये दोन-तीनदा ब्रशची टोकं पाण्यात टेकवायची. सुरुवातीला फेस मोठे बुडबुडे धरतो. तिथेच थांबणं ही सगळ्यांची सवय. आणखी मिनिटभर फिरवलं की बुडबुडे बारीक होत जातात आणि फेस घुसळलेल्या दह्यासारखा दाट, चकाकणारा, ओलसर होतो. तो झाला म्हणजे केसही भिजले, कारण दोन्हीला तेवढाच वेळ लागतो.

ब्रश कुठल्या केसांचा, यावर शौकिनांमध्ये पुष्कळ खल चालतो. बॅजरचे केस पाणी छान धरतात, पण त्यासाठी प्राण्यांचे जे हाल होतात ते पाहता मी तो घ्या म्हणणार नाही. डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त आणि टिकाऊ, सुरुवातीला राठ. हल्लीचे कृत्रिम तंतूंचे ब्रश मऊ असतात, लवकर वाळतात, दमट हवेत वास धरत नाहीत. आपल्या पावसाळ्यात हेच बरे. ब्रश वाळला पाहिजे, एवढं मात्र प्राण्याच्या केसांचा असो वा कृत्रिम, सगळ्यांना लागू. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या दाढीच्या ब्रशांमधून ब्रिटन आणि अमेरिकेत अँथ्रॅक्सची लागण झाल्याची नोंद आहे, आणि त्यानंतर तिथे ब्रशांच्या केसांवर नियम आले.

मग येतो रेझर. वस्तऱ्याला आडोसा बसवून तो सुरक्षित करण्याची कल्पना अठराव्या शतकातल्या जाँ-जाक पेरे या फ्रेंच कारागिराची. १८८० मध्ये अमेरिकेत कॅम्फे बंधूंनी कुदळीच्या आकाराचा रेझर आणला, पण त्याच्या पात्यालाही धार लावत बसावं लागे. किंग कॅम्प जिलेटने ही धार लावण्याची कटकटच काढून टाकली. पातळ पोलादी पट्टीचं ब्लेड, दोन्ही बाजूंना धार, बोथटलं की फेकून द्यायचं. एवढ्या पातळ पट्टीला धार धरवणं अशक्य आहे असं पोलादवाले सांगत होते. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते जमवलं. १९०१ मध्ये कंपनी निघाली, १९०३ मध्ये विक्रीच्या पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी लाखांनी रेझर घेतले आणि परतलेल्या सैनिकांबरोबर घरी दाढी करण्याची सवय गावोगाव गेली.

ती ब्लेडं कार्बन पोलादाची होती, गंजायची. १९६२ मध्ये ब्रिटनच्या विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस स्टीलचं ब्लेड बाजारात आणलं आणि एक ब्लेड कितीतरी जास्त दाढ्या टिकू लागलं. माझ्या मते दाढीच्या हत्यारातली शेवटची खरोखर मोठी सुधारणा ती. त्यानंतर पात्यांची संख्या वाढत गेली: १९७१ मध्ये दोन पाती, १९९८ मध्ये तीन, २००३ मध्ये चार, २००६ मध्ये पाच.

जास्त पात्यांचं गणित असं आहे. पहिलं पातं केसाला धरून किंचित ओढतं आणि कापतं. ओढलेला केस परत आत जायला क्षणभर लागतो, तेवढ्यात मागचं पातं त्याला आणखी खालून कापतं. उरलेलं टोक मग त्वचेच्या पातळीखाली जातं. म्हणून गाल इतका गुळगुळीत लागतो. ज्यांचे केस सरळ आणि विरळ आहेत त्यांना यात काही त्रास नाही, उलट फिरतं डोकं असल्याने कापण्याची भीती कमी. पण ज्यांचे केस कुरळे किंवा जाड आहेत, त्यांच्यात ते आत गेलेलं, तिरकं कापल्याने टोकदार झालेलं टोक वाढताना वाट चुकतं. कधी ते आतूनच बाजूच्या त्वचेत घुसतं, कधी बाहेर येऊन वळून पुन्हा त्वचेत शिरतं. शरीर त्याला परकी वस्तू समजतं आणि तिथे लाल, दुखरी पुटकुळी येते. गळ्यावर आणि जबड्याखाली हे जास्त होतं, कारण तिथे केस त्वचेला जवळजवळ चिकटून, आडवे वाढतात. डॉक्टरांकडे येणाऱ्या 'दाढीच्या पुरळा'त या प्रकाराचा वाटा मोठा आहे. पाच पात्यांचा रेझर रोज, पण नीट तयारीने वापरल्यावर त्रास वाढला नाही असं दाखवणाऱ्या चाचण्याही झाल्या आहेत. माझा अर्थ असा की तयारी चांगली असली तर रेझर दुय्यम ठरतो. पण गळ्यावर केस आत वाढण्याची खोड असेल, तर एका ब्लेडचा जुना रेझर वापरून पाहण्यासारखा आहे, आणि तो स्वस्तही आहे. दुधारी ब्लेड आजही काही रुपयांत मिळतं. चांगल्या पाच पात्यांच्या एका कार्ट्रिजला शंभराच्या पुढे जावं लागतं. टोपाझ, सेवन ओ'क्लॉक, सुपरमॅक्स ही नावं पानाच्या ठेल्यापासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे टांगलेली आपण पाहिली आहेत.

जुन्या रेझरला एक गोष्ट शिकावी लागते: कोन. कार्ट्रिजमध्ये कोन कंपनीने ठरवलेला असतो, इथे तो आपल्या मनगटात असतो. रेझरचं डोकं गालाला सपाट टेकवावं, मूठ आडवी. मग मूठ हळूहळू खाली आणत जावं. एका जागी ब्लेड केसाला लागतं आणि बारीक कुरकुर ऐकू येते. तोच कोन, सुमारे ३० अंशांचा. कुरकुर ऐकू येत असेल तर ब्लेड केस कापतंय. नुसतं खरवडल्याचा आवाज आला तर त्वचा कापतंय. दाब द्यायचा नाही, रेझरचं वजनच पुरतं. कार्ट्रिजची सवय असलेला हात पहिल्या आठवड्यात दाब देतोच, आणि तिथेच बहुतेक लोक हा रेझर सोडून देतात. एका फटक्यात कानापासून हनुवटीपर्यंत न जाता इंच-दीड इंचाचे छोटे हात मारावेत आणि दर दोन-तीन हातांनंतर ब्लेड धुवावं. दुसऱ्या हाताने त्वचा ताणायची ती हलकी. फार ताणली तर केस पुन्हा पातळीखाली कापला जातो.

दिशेचा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दाढीचे केस सगळीकडे वरून खाली वाढतात, असं आपण समजतो. तसं नसतं. दोन दिवस दाढी न करता थांबा आणि बोटाची टोकं गालावरून चारी दिशांनी फिरवा. ज्या दिशेने बोट अडत नाही, ती केसाची दिशा. गालावर ती साधारण खाली असते, हनुवटीखाली पुढे, आणि गळ्यावर काहीही: कुणाचे केस खालून वर, कुणाचे आडवे, कुणाच्या कंठाच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर असतो तसा भोवरा. डावी बाजू उजवीसारखी असेलच असंही नाही. गळ्यावर वर्षानुवर्षं पुरळ येणारे कितीतरी लोक तिथे रोज वरून खाली हात मारतात आणि त्यांचे केस तिथे खालून वर वाढतात. म्हणजे ते रोज पहिल्याच हाताला उलटी दाढी करत असतात. हा नकाशा एकदा बोटांनी काढला की आयुष्यभर पुरतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

न्हावी विचारतो, 'उलटी मारू का?' हा प्रश्न घरीही स्वतःला विचारावा. पहिला हात केसाच्या दिशेनेच. तेवढ्यावर दाढी ऑफिसला जाण्याइतकी साफ होते. आणखी हवी असेल तर पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. उलटा हात फक्त ज्यांना तो मानवतो त्यांनी, आणि तोही गालावर; गळ्यावर नको. फेस नसलेल्या जागी ब्लेड पुन्हा फिरवू नये. राहिलेला एखादा केस दिसला म्हणून सुक्या त्वचेवर मारलेला एक हात सगळ्या दाढीची मेहनत घालवतो. घोटून केलेल्या दाढीची आपल्याकडे फार प्रतिष्ठा आहे, लग्नाच्या दिवशी ती हवीच. पण रोजच्या दाढीला तेवढा हट्ट त्वचेला परवडत नाही.

ब्लेड किती दिवस? मऊ केस पोलादाला बोथट कसं करतो, हा प्रश्न एमआयटीतल्या संशोधकांनी तपासला आणि २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये त्याचं उत्तर छापलं. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कडक असूनही धारेचे बारीक टवके उडतात. केस कापताना वाकतो, आणि धारेत पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे ताण एकवटून टवका निघतो. भिजलेल्या केसावर ब्लेडही जास्त टिकतं, असं अनुभवी लोक सांगतात, ते मला यामुळे पटतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदला म्हणते. दुधारी ब्लेड दाट दाढीला तीन-चार दाढ्यांतच थकतं. ओढल्यासारखं वाटलं की बदलावं, दिवस मोजत बसू नये. धार टॉवेलने किंवा बोटाने पुसायची नाही, धुऊन झटकून कोरड्या जागी ठेवायचं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात रेझर न्हाणीघरात ठेवूच नये.

आपल्याकडच्या दाढीची एक वेगळी अट कंपन्यांनाही उशिरा कळली, आणि ती पुन्हा पाण्याचीच आहे. जिलेटने या शतकाच्या सुरुवातीला भारतासाठी एक रेझर बनवला आणि त्याची चाचणी बोस्टनजवळच्या एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. त्यांना तो आवडला. इथे मात्र तो चालला नाही, कारण त्या विद्यार्थ्यांच्या खोलीत वाहता नळ होता आणि इथला माणूस पाण्याने भरलेल्या एका मगात ब्लेड बुडवून दाढी करत होता. लांब खुंट दोन पात्यांमध्ये अडकायचे आणि मगातल्या पाण्याने निघायचे नाहीत. मग कंपनीची माणसं लोकांच्या घरी जाऊन बसली, जमिनीवर मांडी घालून, छोट्या आरशात, कमी उजेडात चाललेली दाढी पाहिली, आणि २०१० मध्ये एका पात्याचा, सहज धुतला जाणारा 'गार्ड' काढला: रेझर १५ रुपये, कार्ट्रिज ५ रुपये. पाच पात्यांची जाहिरात करणाऱ्या कंपनीने एका पात्यावर परत यावं, यातून बरंच कळतं. आजही ज्यांच्याकडे पाणी मोजून येतं त्यांनी दोन वाट्या ठेवाव्यात, एक फेसाला आणि एक ब्लेड धुवायला. ब्लेड धुतलेल्या पाण्यात ब्रश बुडवायचा नाही.

श्रावण पाळणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. महिनाभर, कुणाच्या घरी गणपतीपर्यंत, दाढी वाढलेली असते आणि मग एका सकाळी ती काढायची असते. अशा लांब केसांवर थेट ब्लेड फिरवलं तर ते ओढलं जातं आणि त्वचा सोलते. आधी कात्रीने नाहीतर ट्रिमरने केस अगदी बारीक करावेत, मग नेहमीसारखं भिजवून फक्त सुलट दाढी करावी. त्या दिवशी उलटा हात अजिबात नको. महिनाभर ब्लेड न लागलेली त्वचा हळवी असते.

सलूनमधल्या दाढीत सुख आहे, ते मी नाकारत नाही. डोकं मागे टेकवून, डोळे मिटून, दुसऱ्याच्या सराईत हाताखाली दहा मिनिटं बसणं घरी मिळत नाही. पण डोळे मिटण्याआधी एक गोष्ट पाहा. चांगला कारागीर नवं ब्लेड कागदासकट तुमच्यासमोर मधोमध मोडतो आणि अर्धं पातं वस्तऱ्याच्या मुठीत सरकवतो. ही पद्धत आली त्यामागे एड्सच्या काळातली जनजागृती आहे. एकाचं रक्त लागलेल्या धारेने दुसऱ्याला हिपॅटायटिस बी, सी होऊ शकतो. ब्लेड बदललं तरी दोन वस्तू बहुतेक ठिकाणी सामाईकच राहतात: ब्रश आणि तुरटी. तुरटी उत्तम वस्तू आहे. पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, त्वचेवरची प्रथिनं गोठवून बारीक रक्त थांबवणारं. पण ओल्या, खरचटलेल्या पन्नास गालांवरून फिरलेला खडा आपल्या गालावर नको. आपला खडा आणि ब्रश सोबत न्यावा, कारागिराला त्यात काही वावगं वाटत नाही.

दाढीनंतरचं थोडक्यात सांगता येईल. थंड पाण्याने साबण पूर्ण धुवा, टॉवेल टेकवून पाणी टिपा, घासू नका. तुरटी कोमट पाण्याने पुसून टाका, नाहीतर त्वचा ओढल्यासारखी होते. स्पिरिटचं आफ्टरशेव्ह झोंबतं म्हणजे काम करतं, हा समज सोडा. ते त्वचा कोरडी करतं. पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकण्याचीही गरज नाही. साधं, सुवास नसलेलं मॉइश्चरायझर पुरतं.

एक मात्र कळकळीने सांगायचं आहे. गळ्यावरच्या पुरळासाठी केमिस्टकडून, नाहीतर सलूनमध्ये कुणी सुचवलं म्हणून, स्टेरॉईड मिसळलेली ट्यूब आणून लावू नका. दोन दिवसांत लाली जाते म्हणून माणूस खूश होतो आणि महिनोन्‌महिने लावतो. त्याने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, ट्यूब थांबवली की दुप्पट आग होते. भारतातले त्वचारोगतज्ज्ञ अशा बिघडलेल्या चेहऱ्यांबद्दल गेली अनेक वर्षं संघटितपणे सांगत आहेत. अशा पातळ झालेल्या त्वचेवर कुठलाच रेझर सुखाचा होत नाही. पुटकुळ्यांत पू होत असेल, गाठी किंवा जाड वण उठत असतील, तर काही आठवडे ब्लेड बंद ठेवून ट्रिमर वापरा आणि डॉक्टरांना दाखवा. आत वाढलेला केस सुईने उकरू नका.

घरात मिसरूड फुटलेला मुलगा असेल तर त्याला एक समज आधीच काढून द्या: दाढी केल्याने केस दाट किंवा जाड होत नाहीत. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच हे तपासून दाखवलं होतं. केस बुडाशी जाड आणि टोकाला निमुळता असतो. कापल्यावर जाड, बोथट भाग वर येतो म्हणून तो राठ लागतो, एवढंच. दाट दाढीच्या हौसेने रोज कोवळी त्वचा खरवडणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही. त्याच दिवशी त्याला बोटांनी केसांची दिशा पाहायलाही शिकवा.

ज्यांना आजच बदल करायचा आहे त्यांनी सगळं सामान एकदम बदलू नये, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. पहिला आठवडा जुनाच रेझर ठेवून फक्त भिजवण्याचा वेळ वाढवावा. दुसऱ्या आठवड्यात दिशा सुधारावी आणि उलटा हात थांबवावा. पुष्कळांचं काम इथेच होतं. तरीही गळा लाल राहिला तर क्रीम बदलावं, आणि सगळ्यात शेवटी रेझर.

आणि वापरलेलं ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत सुटं टाकू नका. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या असोत किंवा तुमच्या गावच्या नगरपालिकेच्या, कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बायकांची बोटं या ब्लेडांनी कापतात. पत्र्याच्या जुन्या डब्याच्या झाकणाला चीर पाडा, ब्लेडं त्यात टाकत जा. वर्षभराची ब्लेडं एका छोट्या डब्यात मावतात. डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर 'ब्लेड' असं ठळक लिहा आणि तो वेगळा हातात द्या.